कुप्पुराव आणि न हलणारे गुडघे

कुप्पुराव तुम्हांला पहिल्यांदा भेटला तर "कसे आहात?" असं विचारणार नाही. "आंगावर लोखंड काय काय आहे?" असं विचारील. तुम्ही उत्तर शोधत असतानाच तो खिशातून दोऱ्याला बांधलेलं एक लहानसं लोहचुंबक काढील आणि तुमच्या छातीपासून कमरेपर्यंत सावकाश खाली सोडील. चुंबक जरा कुठे वळलं की तिथे बोट दाखवून म्हणेल, "हें काढा. अस्कं काढून ठेवा."

"अस्कं" म्हणजे सगळं. आमच्या तंजावरच्या मराठीतला शब्द आहे.

माझ्या पुतणीच्या लग्नात त्यानं हे चुंबक नवऱ्यामुलाच्या मामांना लावलं. मामा पोलिसखात्यातून निवृत्त झालेले, उभ्या आयुष्यात लोकांच्या झडत्या घेतलेले. त्यांनी निमूटपणे चाव्यांचा जुडगा काढला, पेन काढलं, आणि चुंबक तरीही थरथरतंय म्हटल्यावर बनियनला लावलेली सेफ्टी पिनही काढून दिली. मुलाकडचे पाहुणे तमिळ. त्यांना वाटलं, मराठ्यांकडची ही काहीतरी रीत असावी. त्यांनी रांग लावली.

आम्ही दोघं तंजावरच्या एका इस्पितळात एमआरआयच्या यंत्रावर काम करतो. ते यंत्र म्हणजे एक प्रचंड लोहचुंबकच. त्या खोलीत लोखंड नेलं तर ते हातातून सुटून यंत्राकडे झेप घेतं, म्हणून आत जाण्यापूर्वी अंगावरचं सगळं तपासायचं असतं. हा नियम आम्ही सगळेच पाळतो. पण आम्ही तो खोलीच्या दारापर्यंत पाळतो. कुप्पुराव तो घरी घेऊन जातो. त्याच्या पँटला हूक नाही, नाडी आहे. चपलेला खिळा नाही. छत्री तो वापरत नाही, कारण तिच्या काड्या लोखंडाच्या. ऐन पावसाळ्यात डोक्यावर केळीचं पान धरून तो इस्पितळात येतो आणि नर्सेस खिडकीतून बघून हसतात. हसतात, पण त्याच्यासाठी टॉवेलही काढून ठेवतात. मी भिजून आलो तर माझ्याकडे कोणी बघत नाही.

आता खरं काय ते सांगून टाकतो. हे सगळं मी जळून लिहितो आहे.

कुप्पुराव आणि मी एका वयाचे. नोकरीत मी त्याच्याआधी सहा वर्षं लागलो. यंत्र कसं चालवायचं हे त्याला मी शिकवलं. पहिल्या दिवशी कुठलं बटण दाबू म्हणून घाम पुसत तो माझ्या मागे उभा होता. आज त्या इस्पितळात त्याला "कुप्पु सर" म्हणतात. मला "मिस्टर स्वामीनाथ राव" म्हणतात. म्हणजे मान मलाच जास्त देतात, पण मुरुक्कूचे, म्हणजे चकल्यांचे, डबे त्याला आणून देतात.

घरीही तेच. माझी बायको सुलभा सांगलीची. लग्न होऊन आली तेव्हा माझी मराठी ऐकून तिनं पदर तोंडाला लावला होता. मी "मजला" म्हणायचो, "काय म्हणून" म्हणायचो, तमिळच्या चालीवर वाक्य ओढायचो. पुढची तीस वर्षं तिनं माझी मराठी घासूनपुसून लख्ख केली, देवनागरी लिहायला शिकवलं, म्हणून तर मी हे लिहू शकतोय. एके दिवशी कुप्पुराव घरी जेवायला आला. "वहिनी, मजला आणखी भात नको, पोट अस्कं भरलें," असं म्हणाला. तो गेल्यावर सुलभा म्हणाली, "किती गोड बोलतात हो! ऐकत राहावंसं वाटतं."

मी ताट उचलून घासायला नेलं. 

या सगळ्यावर कडी झाली ती गुडघ्यांच्या अभ्यासामुळे.

आमच्याकडे डॉक्टर पूंगोडी म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना गुडघ्यातल्या कूर्चेचा अभ्यास करायचा होता. कूर्चा म्हणजे दोन हाडांमधली मऊ गादी. माणूस उभा राहिला, चालला, जिना चढला की ही गादी दबते, आडवा झाला की पुन्हा फुगते. आता गंमत अशी, की एमआरआय काढायचा तर माणसाला आडवं करावं लागतं आणि आडवं केलं की गुडघ्यावरचा भार जातो. बाईंना भाराखालचा गुडघा बघायचा होता. भात लावणाऱ्या बाया जन्मभर चिखलात वाकून काम करतात आणि आमच्यासारखे लोक जन्मभर खुर्चीत बसतात, तर दोघांच्या गाद्या कशा दबतात, किती दबतात, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी माणसाला निजवायचं आणि त्याच्या तळपायावर असा जोर लावायचा, की गुडघ्याला वाटावं आपण उभे आहोत.

हे जोर लावायचं साधन बनवायचं काम बाईंनी मला सांगितलं. मला. मी वरिष्ठ होतो.

मी प्लॅस्टिकच्या नळ्यांची चौकट केली आणि वजनाला पाण्याचे कॅन टांगले. पहिल्याच दिवशी एका कॅनचं झाकण निघालं आणि सगळं पाणी जमिनीवर. यंत्र वाचलं. बाईंनी माझ्याबरोबर फरशी पुसून काढली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कुप्पुरावाला विचारलं.

कुप्पुराव तीन आठवडे दिसेनासा झाला. म्हणजे कामावर यायचा, पण लक्ष नसायचं. वीणा बनवणाऱ्या एका ओळखीच्या सुताराकडून त्यानं फणसाच्या लाकडाच्या उरलेल्या फळ्या आणल्या. कुंभकोणला जाऊन पितळेची कप्पी ओतवून घेतली. वजनाला कापडी पिशव्यांत वाळू भरायची ठरवली आणि तिथेच अडला. कावेरीच्या वाळूत काळे बारीक कण असतात, ते लोखंडाचे. एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा हा माणूस अंगणात वाळूचा ढीग घेऊन बसला होता आणि त्यातून चुंबक फिरवत होता. फिरवायचं, चिकटलेले काळे कण कागदावर पुसायचे, पुन्हा फिरवायचं.

"किती दिवस करणार हे?" मी विचारलं.

"वाळू गोरी होईपर्यंत," तो म्हणाला.

ते साधन उत्तम झालं, हे मला कबूल करावं लागेल. तळपायाला लाकडी फळी, फळीला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, तिला वाळूच्या पिशव्या. पिशवी वाढवली की भार वाढतो. डॉक्टर पूंगोडींनी त्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कुप्पु सर, हे तर वीणेसारखं झालंय!" माझ्या कॅनांकडे बघून त्या काय म्हणाल्या असत्या, याचा मी दोन दिवस विचार करत होतो.

पण साधन झालं म्हणून चित्र येत नाही. भार लावलेला पाय काही मिनिटं अजिबात हलता कामा नये. करून बघा कधी. दहा किलोचं पोतं तळपायानं रेटत पडून राहा. आधी अंगठा थरथरतो, मग मांडी. मग पोटरीला मुंग्या येतात. केसभर हललं तरी चित्रात एका गुडघ्याचे दोन गुडघे होतात. मी काढलेल्या पहिल्या सहा चित्रांत मिळून निदान पंधरा गुडघे होते.

सातवी पापनाशमकडच्या खेड्यातली अलमेलू आजी होती. जन्मभर भातलावणी केलेली. आम्ही तिला नियमाप्रमाणे तासभर निजवून ठेवलं, कूर्चा पूर्ण फुगावी म्हणून. मग पाय आत आणि डोकं बाहेर अशी यंत्रात घेतली. कानांवर हेडफोन. यंत्र सुरू झालं की ठक् ठक् ठक् असा आवाज होतो, भिंत ठोकल्यासारखा. मी माइकवर म्हणालो, "आजी, हलू नका." ती हलली. मी म्हणालो, "हलू नका." ती उठून बसायला लागली. तिसऱ्यांदा मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, आणि आजी माझ्यापेक्षा चढ्या आवाजात जे म्हणाली ते इथे लिहिता येणार नाही.

कुप्पुराव म्हणाला, "सामा, जरा बाजूला सर." स्वामीनाथचा तो सामा करतो.

त्यानं माइक हातात घेतला. "आजी, तिकीट काढलं काय?" तमिळमध्ये विचारलं. "पापनाशमला जाणारी पॅसेंजर आहे ही. सुटते आता. पापनाशम येईपर्यंत हलायचं नाही, जागा जाईल."

आजी परत आडवी झाली. यंत्र ठक् ठक् करू लागलं आणि कुप्पुराव बोलू लागला. गाडी तंजावरहून निघाली. तिट्टै आलं. फाटकापाशी एक म्हातारा दोन म्हशी घेऊन उभा आहे, एक म्हैस गाडीकडे बघतेय, दुसरीला तिची पर्वा नाही. पसुपतीकोविल. कालव्यात पाणी सोडलंय, पोरीबाळी कपडे धुताहेत, एकीचं लुगडं वाहून चाललंय, तिची जाऊ काठावरून धावतेय. अय्यमपेट्टै. तुमच्या समोरच्या बाईनं डबा उघडला, चिंचेचा भात आहे, ती तुम्हांला विचारणार नाही असं दिसतंय.

चित्र आलं. स्वच्छ, एकच गुडघा. हाडांच्या मधली ती कूर्चेची राखाडी रेघ अशी स्पष्ट, की भारानं ती कुठे चेपली आहे हे नवख्यालाही दिसावं. डॉक्टर पूंगोडी पडद्यासमोर टाळ्या वाजवू लागल्या. आणि बाहेर आल्यावर आजीनं विचारलं, "परतीची गाडी कधी आहे?"

त्यानंतर सगळे गुडघे कुप्पुरावाचे. मी बाहेर बसून लोकांच्या अंगावरच्या पिना काढून घ्यायचो. आतून माणसांच्या हसण्याचा आवाज यायचा. तीस वर्षांत माझ्या हातून तपासणी होऊन कोणी हसत बाहेर आल्याचं मला आठवत नाही. मी तंत्रात त्याच्यापेक्षा चांगला आहे. हे मी रोज स्वतःला सांगायचो. ते खरंही आहे. त्यानं काही फरक पडत नव्हता.

मग बाई म्हणाल्या, चेन्नईला मोठ्या डॉक्टरांसमोर हा अभ्यास मांडायचा आहे आणि एका तंत्रज्ञाला बरोबर न्यायचं आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच सुमारास बैठं काम करणाऱ्यांच्या गटात एक गुडघा कमी पडला. मी म्हणालो, "माझा घ्या."

बाईंना आनंद झाला. कुप्पुरावाला तर इतका झाला, की त्यानं स्वतः माझ्या पाठीखाली उशी सारखी केली. मी मनात ठरवलं होतं, की ऐन मोक्याला हलायचं. त्याचा तो आवाज, ती गाडी, ते सगळं थोतांड आहे आणि ते माझ्यावर चालत नाही, एवढं बाईंना दिसू दे.

भाराशिवायचं पहिलं चित्र नीट झालं. मग पिशव्या चढल्या. तळपायावर जोर आला. यंत्र ठकठकू लागलं आणि कानांत कुप्पुराव आला. माझ्याशी तो आमच्या मराठीत बोलत होता. "सामा, खिडकीपाशी बैस. वारा येतो तिकडून."

तुम्हांला सांगतो, मी खिडकीपाशी बसलो. मी, ज्यानं हा खेळ पन्नासदा बाहेरून ऐकला होता. मांडीतली थरथर गेली. लहानपणी आई जशी बोलायची तशी ती मराठी होती, सुलभेनं घासून काढायच्या आधीची. पसुपतीकोविल गेलं. मी हलायचं विसरलो.

तेवढ्यात काचेपलीकडे कुप्पुराव काहीतरी म्हणाला आणि डॉक्टर पूंगोडी हसल्या. माइक चालू होता, त्यामुळे तेही माझ्या कानांत आलं. असं मनमोकळं हसणं. मी गुडघा वाकवला. चुकून नाही. मुद्दाम, चांगला बोटभर वाकवला आणि परत सरळ केला.

चित्र गेलं. पुन्हा घेतलं, पुन्हा वाकवला.

बाई आत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "काय झालं? मिस्टर राव, तुम्ही हललात?"

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधी कुप्पुराव म्हणाला, "ते हलले नाहीत. दोरी घसरली. चूक माझी."

मी फळीतून पाय सोडवला आणि चपला घालून बाहेर आलो.

याचा परिणाम काय होईल हे त्यालाही तेव्हा सुचलं नसावं. दोरी घसरते म्हटल्यावर बाईंना आधीच्या सगळ्या चित्रांची शंका येऊ लागली. भार मध्येच कमी-जास्त झाला असेल तर अलमेलू आजीपासूनचे सगळे गुडघे वाया. त्यांनी काम थांबवलं. चेन्नईचं लांबणीवर टाकलं. कुप्पुरावानं ते साधन सोडवून घरी नेलं आणि रजा टाकली. आता यंत्रावर पुन्हा मी एकटा होतो, आणि मला हवं होतं ते हेच, असं मी धरून चाललो होतो. तीन दिवस मला जेवण गेलं नाही.

पुढे सोमवारी मी बाईंच्या खोलीत जाऊन खरं सांगितलं. उभ्यानं सांगितलं, त्यांनी बसा म्हटलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचा गुडघा मी अभ्यासातून काढून टाकते आहे." बाकीचे गुडघे मात्र वाचले. काम पुन्हा सुरू झालं, आणि चेन्नईला कुप्पुराव गेला, नाडीची पँट घालून. मला त्यांनी वर्षभर अभ्यासाच्या आसपास फिरकू दिलं नाही, ते योग्यच झालं.

पण सांगायचा आहे तो त्या सोमवारच्या आधीचा रविवार.

मी बसनं पापनाशमला गेलो. कुप्पुराव तिथूनच रोज ये-जा करतो. घर छोटंसं, मागे दोन नारळ. त्याची बायको सुभद्राबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी सिंगापूरला. तिच्या बाराव्याला मी गेलो होतो, त्यानंतर वाळूच्या त्या रविवारी अंगणापर्यंत. आत आज जात होतो.

साधन बैठकीच्या खोलीत मांडलेलं होतं आणि कुप्पुराव स्वतःच त्यात पाय अडकवून जमिनीवर आडवा पडला होता. मला बघून तसाच पडल्या पडल्या म्हणाला, "ये, सामा. जेवलास काय?"

"काय करतोयस?"

"दोरी बघतों. घसरत नाही."

"माहीत आहे मला."

"मजलाही माहीत आहे," तो म्हणाला. "दोरीवर खडूची खूण केली होती मी. ती जागच्या जागी होती."

मी दारातच थांबलो. "म्हणजे मी हललो हे तुला ठाऊक होतं?"

"काचेतून दिसलास की." त्यानं पाय सोडवला आणि उठून बसला. "गुडघा दुखला असेल तुझा. जिना उतरताना कठडा धरतोस तू, मी बघतों. आता ते बाईंसमोर, त्या नर्स पोरींसमोर काय म्हणून सांगायचं? म्हणून दोरीवर घातलं."

मला वाटलं, इथेच थांबावं. गुडघा दुखला म्हणावं आणि जेवून परत जावं. त्यानं मला दार उघडून दिलं होतं.

"दुखला नाही," मी म्हणालो. "मी मुद्दाम वाकवला."

"काय म्हणून?"

"तुझा हेवा वाटतो म्हणून."

 मला वाटलं, आता तो रागावेल. मी तयारीनंच आलो होतो.

"माझा?" तो म्हणाला.

"तुझा."

"माझा हेवा? कशाचा?"

मग मी सांगितलं. फळीवर बाईंनी हात फिरवला त्याचा. आजी हसत बाहेर आली त्याचा. मुरुक्कूच्या डब्यांचा, टॉवेलचा, सुलभेला तुझी मराठी गोड लागते त्याचा. चेन्नईचा तर होताच. सांगता सांगता मला माझीच शरम वाटू लागली, पण एकदा सुरू केल्यावर थांबता येईना. वर्षानुवर्षं साठलेलं होतं.

कुप्पुराव ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी नवल होतं, मग त्याच्या गालांवर रंग चढला, लग्नात जावयाचं कौतुक चाललेलं असावं आणि तो लाजावा तसा. मी थांबलो तसा तो एकदम मागे वळला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "अगे, ऐकलीस काय? सामाला माझा हेवा..."

आतून काही आलं नाही. ओट्यावर एकच ताट पालथं घातलेलं होतं, ते मला माझ्या जागेवरून दिसत होतं.

 कुप्पुराव माझ्याकडे वळला, भिंतीला पाठ लावून बसला आणि मला जवळ बसायला जागा करून दिली.

"पुन्हा सांग रे," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग. सावकाश."

मी बसलो, आणि फळीपासून सुरुवात केली.